पहिलीआधीचे एक जादा वर्ष

महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, हा निकष २०२० साली ठरला. त्यानुसार ३१ डिसेंबर २०२० रोजी जन्मलेले मूल जून २०२६मध्ये, साडेपाचाव्या वर्षी पहिलीत बसू शकते. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी २०२१ रोजी जन्मलेल्या मुलाची पाळी जून २०२७मध्ये, साडेसहाव्या वर्षी येते. काही पालक मूल निकषात बसत असूनही मुद्दाम वर्षभर थांबतात. कारण कोणतेही असो, अशा मुलाच्या वाट्याला शाळेआधीचे एक जादा वर्ष येते.

साडेपाच वर्षांच्या मुलासाठी बारा महिने म्हणजे आयुष्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यामुळे एकाच वर्गातील सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान मूल यांच्यात ठळक फरक दिसतो. केली बेडार्ड आणि एलिझाबेथ ड्युई यांनी २००६ साली अनेक देशांतील गणित-विज्ञानाचे गुण तपासले. चौथीत वयाने लहान मुले मागे होती. आठवीपर्यंत अंतर कमी झाले, तरी पूर्ण मिटले नाही. अमेरिकेत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेले आकडे अधिक बोलके आहेत. जिथे शाळाप्रवेशासाठी १ सप्टेंबर ही तारीख धरली जाते, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या दर दहा हजार मुलांमागे ८५ मुलांना अतिचंचलतेच्या विकाराचे निदान झाले होते. सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांत हे प्रमाण ६४ होते. एका महिन्याच्या फरकाने मेंदू वेगळा होत नाही. ऑगस्टच्या मुलाची तुलना वर्षाने मोठ्या वर्गमित्रांशी होते आणि वयाला साजेशी चुळबुळ आजार ठरते.

उशिरा प्रवेशाची बाजू येथे बळकट होते. डेन्मार्कमधील अभ्यासात थॉमस डी आणि हान्स हेनरिक सिव्हर्टसेन यांना आढळले, की वर्षभर उशिरा शाळेत गेलेल्या मुलांचे चित्त सातव्या वर्षी अधिक स्थिर असते आणि हा फायदा अकराव्या वर्षीही टिकतो. मात्र डेन्मार्कमधील मुलाचे ते वर्ष चांगल्या सार्वजनिक बालवाडीत, खेळण्यात जाते. लाभ कॅलेंडरच्या पानाचा नाही, त्या वर्षात काय घडते याचा आहे.

म्हणून पहिला निर्णय जादा वर्ष कुठे ठेवायचे, हा. मोठा गट पुन्हा करायला लावणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग. तीच पुस्तके, तीच गिरवणी, फक्त मित्र पुढे गेलेले. त्यापेक्षा नर्सरीच उशिरा, साडेतीन वर्षांनी सुरू करावी, म्हणजे पुढची तिन्ही वर्षे नव्याने उलगडतात.

तीन ते चार या वयात मुख्य काम भाषेचे. गोष्टी, बडबडगीते, भातुकली आणि मोठ्यांशी भरपूर बोलणे. घरची भाषा भिली, वारली, अहिराणी किंवा मालवणी असेल, तर तीच. चार ते पाचमध्ये स्वतःला आवरण्याची शक्ती वाढते. ‘शिवाजी म्हणतो’ या खेळात आज्ञेआधी ते दोन शब्द आले नाहीत, तर मुलाला हालचाल रोखावी लागते. वर्गात बसण्यासाठी लागणारा नेमका हाच सराव. ‘मामाचं पत्र हरवलं’ सावधपणे वाट पाहायला शिकवते.

पाचव्या वर्षानंतर भेंड्या खेळाव्यात. शब्दाचे शेवटचे अक्षर कानाने पकडणे ही वाचनाची खरी पूर्वतयारी आहे. आकड्यांचेही तसेच. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारे मूलही, दोन ओळींत सारखेच चिंचोके असताना, लांब पसरलेल्या ओळीत ‘जास्त’ आहेत असे म्हणते, हे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी असेच प्रयोग करून दाखवले. चिंचोके हाताळू देणे हाच त्यावरचा उपाय. लिहिण्याची घाई तर नकोच. मनगटातील आठही हाडे जन्मवेळी कूर्चेची असतात आणि शेवटचे हाड आठव्या ते बाराव्या वर्षांदरम्यान घट्ट होऊ लागते. तोवर माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडणे-चिकटवणे यांनी बोटांत बळ येते. वाचन पाचव्या वर्षी सुरू केलेली आणि सातव्या वर्षी सुरू केलेली मुले अकराव्या वर्षापर्यंत बरोबरीला येतात, असे सेबॅस्टियन सगेट यांच्या न्यूझीलंडमधील अभ्यासातून दिसले.

हे सारे महाराष्ट्राला नवे नाही, आणि याचे श्रेय बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांना जेवढे मिळायला हवे होते तेवढे मिळालेले नाही. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पाने, माती हीच साधने झाली. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नव्हती, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि ताराबाईंनंतर अनुताईंनी ते अखेरपर्यंत चालवले. मूल तयार नसेल तर शिक्षणाने आपले रूप बदलावे, हा त्या दोघींचा सिद्धान्त होता. १९७५ साली सुरू झालेल्या अंगणवाड्यांमागे ही पुण्याई आहे.

एक इशारा आवश्यक आहे. दोन-अडीच वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाकेला ओ देत नसेल किंवा नजर देत नसेल, तर ‘उशिरा घालू, होईल आपोआप’ म्हणून थांबणे घातक. श्रवणतपासणी आणि बालरोगतज्ज्ञांचा सल्ला ताबडतोब घ्यावा. सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत ही सेवा मोफत मिळते.

ज्या घरात पुस्तके आणि फुरसत आहे, तिथे जादा वर्ष वरदान ठरेल. जिथे आईवडील दिवसभर मजुरीला जातात, तिथे ते वर्ष रिकामे जाऊ शकते. त्या मुलांसाठी अंगणवाडीसेविकेला पुरेसे प्रशिक्षण, पुरेसा पगार आणि नोंदवह्या भरण्यापलीकडे मुलांशी खेळायला वेळ मिळाला पाहिजे.