नवी रायफल, घरची काडतुसे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंदूरच्या सियागंजात मिऱ्यापासून चहापत्तीपर्यंत सगळा माल घाऊक मिळतो. जे मिळत नाही ते दोन दिवसांत मागवून मिळतं. अशा बाजारपेठेच्या आसपास वाढलेल्या माणसाला वाटतं की कोणतीही वस्तू चार सुटे भाग आणून घरी तयार करता येते. परवान्याची नवी रायफल घरात आली की हाच विचार काडतुसांपर्यंत पोहोचतो. अमेरिकेतले व्हिडिओ त्याला खतपाणी घालतात. त्यात एक गृहस्थ रिकाम्या पुंगळीत नवी टोपी बसवतो, दारू तोलून घालतो, वर गोळी दाबतो आणि आपल्या रायफलीला मानवेल असं काडतूस स्वतः घडवतो. यालाच हँडलोडिंग म्हणतात. तिथे हा रुळलेला आणि कायदेशीर छंद आहे. आपल्याकडे मात्र कायदा वेगळा आहे, धोका शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत पोहोचणारा आहे, आणि अचूकतेबद्दलच्या समजुतीही बऱ्याच चुकीच्या आहेत. त्यातल्या सात इथे तपासून पाहू.

गैरसमज १ : रायफलीचा परवाना आहे, म्हणजे काडतूस घरी भरायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : हत्यार बाळगण्याचा परवाना वेगळा आणि दारूगोळा तयार करण्याचा परवाना वेगळा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. या कायद्यातली ‘दारूगोळा’ची व्याख्याही व्यापक आहे. तयार काडतुसासोबत त्याचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही तिच्यात येते. त्यामुळे ‘मी फक्त टोप्या आणि साचा मागवला’ हा बचाव टिकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीसाठी किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. विकत घ्यायच्या काडतुसांनाही मर्यादा असते. एका वेळी किती जवळ ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. ते आधी वाचावं.

गैरसमज २ : दारू ती दारू. फटाक्यातली काय, काडतुसातली काय!

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत जीवघेणा समज आहे. रायफलीच्या काडतुसातली धूरविरहित दारू नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली असते. ती किती वेगाने जळावी हे तिच्या कणांचा आकार आणि त्यांच्यावरचा लेप यांवर ठरतं, आणि प्रत्येक प्रकार ठरावीक काडतुसांसाठी असतो. .३०-०६ या प्रसिद्ध शिकारी काडतुसाचा कमाल दाब ६०,००० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ४ टनांहून अधिक असतो. एवढा दाब चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर कोंडलेला असतो. चुकीची दारू पडली तर रायफल फुटते आणि डोळे-बोटं जातात.

साठवणुकीचा धोका तर इंदूरकरांना नव्याने सांगायला नको. सियागंजाला लागून असलेल्या राणीपुऱ्यात एप्रिल २०१७ मध्ये फटाक्यांच्या दुकानांना आग लागली आणि माणसं दगावली. त्याआधी १२ सप्टेंबर २०१५ रोजी झाबुआ जिल्ह्यातल्या पेटलावदमध्ये भरवस्तीत साठवलेल्या स्फोटकांचा स्फोट होऊन ७० हून अधिक जीव गेले. खाली गोदाम, वर बिऱ्हाड आणि समोर अरुंद गल्ली अशा वस्तीत दारूचा डबा ठेवणं म्हणजे सगळ्या गल्लीचा जीव टांगणीला लावणं.

गैरसमज ३ : दारू जितकी जास्त, तितका वेग जास्त आणि नेम पक्का.

वस्तुस्थिती : अचूकता वेगावर अवलंबून नसते. प्रत्येक काडतूस आधीच्या काडतुसासारखंच असण्यावर ती अवलंबून असते. जिथे हँडलोडिंग कायदेशीर आहे तिथले जाणकारही दारू वाढवत सुटत नाहीत. छापील तक्त्यातल्या सर्वांत कमी मापापासून ते सुरुवात करतात, अगदी थोडं थोडं वाढवतात आणि दाबाची पहिली खूण दिसताच थांबतात. हे माप ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलीग्रॅम, म्हणजे त्याचा दहावा भाग साडेसहा मिलीग्रॅम भरतो. ग्रेन आपल्या बाजारालाही परका नाही. कंपनी सरकारने १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरवला. .३०-०६ मध्ये सर्रास वापरली जाणारी १८० ग्रेनची गोळी म्हणजे वजनाला बरोबर एक जुना तोळा.

दाब दारूच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. शेवटच्या टप्प्यात तो झपाट्याने चढतो. दारू तेवढीच ठेवून टोपी बदलली, किंवा गोळी पुंगळीत थोडी खोल बसली, तरी दाब बदलतो. त्यात हवामानाची भर पडते. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि जानेवारीच्या पहाटे दहाच्या खाली येतो. बऱ्याच प्रकारची दारू उष्णतेत अधिक जोराने जळते, म्हणून थंडीत सुरक्षित वाटलेलं माप उन्हाळ्यात धोक्याचं ठरू शकतं.

गैरसमज ४ : तीन गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकली, म्हणजे रायफल आणि काडतूस दोन्ही पास.

वस्तुस्थिती : सियागंजातला कुठलाही जुना व्यापारी पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या मुठीवर भाव करत नाही. तो परखी खुपसतो, वरून, मधून आणि तळातून नमुना काढतो, तळहातावर पसरून पाहतो आणि मगच बोलतो. लक्ष्यावर पडलेल्या गोळ्यांच्या झुपक्याला, म्हणजे ग्रुपलाही हाच न्याय लावायला हवा. तीन गोळ्या जवळजवळ पडणं बऱ्याचदा निव्वळ योगायोग असतो. गणित सांगतं की त्याच रायफलीतून त्याच काडतुसाच्या दहा गोळ्या झाडल्या, तर ग्रुपचा सरासरी आकार तीन गोळ्यांच्या दीडपटीहून थोडा मोठा येतो. तीन गोळ्यांत ३ सेंटीमीटर दाखवणारी रायफल दहा गोळ्यांत पावणेपाच सेंटीमीटरच्या आसपास जाते. खरी लायकी या दुसऱ्या आकड्यातून कळते. तोही एकाच दिवसाचा नसावा.

आणखी एक गोष्ट. सलग गोळीबाराने नळी तापते आणि नेम सरकू लागतो. म्हणून गोळ्यांमध्ये वेळ जाऊ द्यावा आणि थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी कुठे लागली याची वेगळी नोंद ठेवावी.

गैरसमज ५ : महागडं परदेशी काडतूस कोणत्याही रायफलीत उत्तमच चालतं.

वस्तुस्थिती : प्रत्येक नळीचा स्वभाव वेगळा असतो. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन रायफलींना वेगवेगळी काडतुसं मानवतात. शिवाय गोळी आणि नळी यांचा मेळ बसावा लागतो. नळीतले आटे गोळीला गिरकी देतात आणि लांब गोळी स्थिर राहायला गिरकी अधिक जलद लागते. हा हिशेब मांडणारं सूत्र इंग्लंडमधल्या वुलिचचे गणिताचे प्राध्यापक जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ साली दिलं. आटे आणि गोळी यांचं जमलं नाही, तर किंमत कितीही असो, ग्रुप फाकतो.

आपल्याकडे नागरी परवान्यावर सर्वांत परिचित रायफल म्हणजे .३१५ बोअर. तिचं काडतूस पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होतं. १८६९ साली सुरू झालेल्या या कारखान्याची ‘केएफ’ ही खूण देशभरच्या परवानाधारकांना ठाऊक आहे. अशा काडतुसाच्या डब्यावरचा लॉट नंबर पाहून घ्यावा. एका लॉटवर नेम बसवला आणि दुसऱ्या लॉटची गोळी झाडली, तर फरक पडू शकतो.

गैरसमज ६ : खरी अचूकता हाताने भरलेल्या काडतुसातूनच मिळते.

वस्तुस्थिती : ऑलिंपिकमधल्या ५० मीटर रायफल प्रकारात लक्ष्याच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलीमीटर असतो. तिथे .२२ चं काडतूस वापरतात. त्याचं स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेत भरलेलं असतं, त्यामुळे ते पुन्हा भरायचं नसतंच. म्हणजे या खेळातलं प्रत्येक काडतूस कारखान्यातून आलेलं असतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकलं ते याच काडतुसांवर. त्याआधी हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत, सप्टेंबर २०२३ मध्ये, भारताने तीन स्थितींच्या सांघिक प्रकारात सुवर्ण मिळवलं. त्या संघात अखिल श्योराणबरोबर स्वप्निल आणि आपल्या निमाडातल्या खरगोन जिल्ह्याचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर होते.

नेमबाज काडतूस बनवत नाहीत, ते निवडतात. वेगवेगळ्या लॉटची काडतुसं रायफल घट्ट बसवून झाडायची, ग्रुप मोजायचे आणि आपल्या नळीला जमलेला लॉट एकदम घेऊन ठेवायचा, अशी ही पद्धत आहे. परवान्याच्या मर्यादेत, छोट्या प्रमाणात, कोणालाही ती जमते.

गैरसमज ७ : शिकारीची रायफल आहे, तेव्हा पिकात शिरलेल्या डुकराला टिपायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीवर बंदी घातली आहे. रानडुक्कर, नीलगाय यांसारखे प्राणी उभ्या पिकाला धोकादायक ठरले, तर कलम ११ खाली सक्षम अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. तशी परवानगी हाती नसेल तर शेत स्वतःचं असलं तरी तो गुन्हाच. माळव्यातल्या शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, पण उपाय बदलत आहेत. २०२५ साली शाजापूर भागात हेलिकॉप्टरने हाकून, बोमा पद्धतीने, म्हणजे नरसाळ्यासारख्या कुंपणात कोंडून, काळवीट आणि नीलगायी पकडून दुसऱ्या जंगलांत सोडण्यात आल्या. शिकारीचा काळ सरल्याची खूण इंदूरजवळच दिसते: राळामंडलच्या टेकडीवर होळकरांची शिकारकोठी आहे. पण १९८९ पासून तो सगळा परिसर अभयारण्य आहे.

मग नव्या रायफलीच्या मालकाने करायचं काय?

परवानाधारक विक्रेत्याकडून दोन-तीन प्रकारची काडतुसं घ्यावीत, प्रत्येक प्रकार एकाच लॉटचा. मान्यताप्राप्त रेंजवर जाणकारासमोर, टेकूवर रायफल ठेवून, कानाला आणि डोळ्यांना संरक्षण लावून झाडावीत. तारीख, तापमान, लॉट नंबर आणि ग्रुपचा आकार वहीत लिहावा. ज्या काडतुसाचा ग्रुप पुन्हा पुन्हा लहान येईल, ते आपलं. चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर नळी लक्ष्याकडेच रोखून किमान अर्धा मिनिट थांबावं, कारण काही वेळा काडतूस उशिरा पेटतं. जुनं, ओलं किंवा गंजलेलं काडतूस घरी फोडू नये. विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्याला विचारून त्याची विल्हेवाट लावावी.

रायफलीची अचूकता रेंजवर, वहीतल्या नोंदींतून आणि संयमाने मिळवायची असते. तिच्यासाठी घरात दारू आणू नका, आणि कोणी आणत असेल तर त्याला वेळीच थांबवा.