घर टिकवण्याचे काम : बालसंगोपन, प्रतिपालकत्व आणि समाजकार्यकर्ते

घरातला कर्ता माणूस दगावला, तुरुंगात गेला किंवा दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळला, की मुलांना एखाद्या संस्थेत ठेवावे असा सल्ला नातेवाईक देऊ लागतात. त्यामागे बहुधा निष्ठुरपणा नसतो, दोन वेळच्या जेवणाची आणि शाळेच्या खर्चाची विवंचना असते. त्यामुळेच बालगृहांतील अनेक मुलांचे आई-वडील, निदान दोघांपैकी एक, हयात असतात. बालन्याय अधिनियम, 2015 याने मात्र मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेतील निवास हा अखेरचा उपाय, असे तत्त्व स्पष्टपणे स्वीकारले आहे. हे तत्त्व उंबरठ्याच्या आत नेण्याचे काम समाजकार्यकर्त्यांकडे येते.

या कामाचे महाराष्ट्रातील मुख्य साधन म्हणजे बालसंगोपन योजना. अनाथ, एकपालक किंवा संकटग्रस्त कुटुंबातील अठरा वर्षांखालील मूल संस्थेत न जाता घरच्या वातावरणात वाढावे यासाठी तिच्यातून दरमहा साहाय्य दिले जाते. ही रक्कम 425 रुपयांवरून 1,100 आणि 2023 मध्ये 2,250 रुपये झाली. आता योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. अर्जाला मंजुरी देते ती बालकल्याण समिती, म्हणजे अध्यक्ष व चार सदस्यांचे, न्यायिक अधिकार असलेले जिल्हास्तरीय मंडळ. परंतु समितीसमोर मुलाचे घर उभे राहते ते कार्यकर्त्याच्या गृहचौकशी अहवालातून.

कागदपत्रांची जुळवाजुळव हा या कामाचा सर्वांत कमी लेखला जाणारा भाग आहे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर माहेरी परतलेल्या बाईचे नाव सासरच्या शिधापत्रिकेत अडकलेले असते, मृत्यूचा दाखला दुसऱ्या जिल्ह्यात काढावा लागतो, आधार कार्डावरील आणि शाळेच्या दाखल्यावरील नावे जुळत नाहीत, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात घातलेल्या प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. अशा बाईसोबत तलाठ्यापर्यंत जाणारा कार्यकर्ता तिच्यासाठी त्या क्षणी कोणत्याही समुपदेशनापेक्षा मोलाचे काम करत असतो. घरासमोर पालक आणि मूल यांचे एकत्र छायाचित्र काढून अर्जाला जोडले की चौकशी संपली, असे मात्र मुळीच नाही. चांगल्या अहवालात मुलाला सकाळी शाळेसाठी कोण तयार करते, रात्री ते कोणाजवळ झोपते, घरात दारू आहे का, थोरल्या मुलीची शाळा धाकट्यांना सांभाळण्यासाठी सुटली आहे का, याची नोंद असते, आणि ती करण्यासाठी मुलाशी एकट्याने बोलावे लागते. ‘परिस्थिती हलाखीची आहे’ एवढेच वाक्य नाव बदलून पन्नास अहवालांत उतरवणे ही त्या मुलांची वंचनाच होय.

सर्व प्रयत्न करूनही स्वतःच्या घरी राहणे शक्य नसलेल्या मुलासाठी प्रतिपालकत्वाचा मार्ग आहे. यात समिती मुलाला ठरावीक काळासाठी दुसऱ्या कुटुंबाकडे सोपवते. दत्तकविधानात जन्मदात्यांशी असलेले कायदेशीर नाते संपते, येथे ते कायम राहते. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे, समितीने दरमहा पाहणी करावी आणि मुलाच्या हिताला बाधा नसेल तर आई-वडिलांना भेटू द्यावे, असे कायदा सांगतो. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून यासाठी दरमहा 4,000 रुपयांची तरतूद आहे. 2024 च्या सुधारित आदर्श मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तींनाही ही वाट खुली केली आणि दत्तक घेण्यापूर्वीचा प्रतिपालकत्वाचा कालावधी पाच वर्षांवरून दोन वर्षांवर आणला. खरी कसोटी मात्र मूल घरी आल्यानंतरच्या महिन्यांत लागते. वर्षानुवर्षे संस्थेत राहिलेले मूल उशीखाली चपात्या लपवते, अंथरूण ओले करते, नव्या आईला मुद्दाम दुखावून ती आपल्याला परत पाठवते का हे पाहते. ही नाठाळपणाची नव्हे, भीतीची लक्षणे आहेत, हे कुटुंबाला आधीच समजावून ठेवले नाही, तर ते मूल परत पाठवले जाते आणि दुसऱ्यांदा घर गमावते.

अठरावे वर्ष ही दुसरी खडतर वेळ. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना एकविसाव्या, अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत आधार देण्याची सोय म्हणजे अनुरक्षण. शिवाय महाराष्ट्राने 2018 मध्ये अनाथांसाठी शिक्षण व नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण लागू केले. परंतु महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र हाती नसेल तर या आरक्षणाचा लाभ घेता येत नाही, म्हणून त्याची तयारी मूल सोळा-सतरा वर्षांचे असतानाच सुरू व्हायला हवी.

मुंबईत 1936 साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. एवढी जुनी परंपरा असलेल्या राज्याने गृहभेटी देणारी माणसे कायमस्वरूपी, पुरेशा संख्येने आणि सन्मानाच्या वेतनावर नेमलीच पाहिजेत, कारण अनुदान बँकेत जमा होते, पण मुलाची खुशाली दारात जाऊनच कळते. तोवर वाचकांनी एवढे तरी करावे : शेजारात एकट्या पडलेल्या बाईची मुले शाळा सोडण्याच्या बेतात असतील, तर तिला जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयाचा पत्ता द्यावा, आणि मूल संकटात दिसले तर 1098 हा क्रमांक फिरवावा.