यजमान आणि पाहुणा

बंगळूरची चामराजपेट ही वसाहत १८९२ साली वसली. तेथील एखाद्या घरी आज एकच संगणक दोन कामे करीत आहे, अशी कल्पना करू. कुटुंबाची छायाचित्रे व कागदपत्रे सांभाळणे हे त्याचे पहिले काम. त्याच्याच पोटात चालणाऱ्या आभासी संगणकावर मुलांना खेळू देणे, हे दुसरे. एका यंत्रात अनेक यंत्रे भासविण्याची ही युक्ती आयबीएमच्या संशोधकांनी अमेरिकेतील केंब्रिज येथे १९६७ साली वापरात आणली.

प्रोसेसरमध्ये गणना करणारे स्वतंत्र गाभे असतात. त्यांस कोअर म्हणतात. आठ कोअर असता ते सर्व खेळास द्यावेत, असा मोह होतो. परंतु खेळासाठी लागणारी माहिती साठ्यातून काढून देणे, हे काम बहुधा यजमान संगणकच करतो. यजमानच उपाशी राहिला, तर पाहुण्याचे पान कोण वाढणार?

सेकंदाला ६० चित्रे दाखवावयाची, तर प्रत्येक चित्रास सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात कोअरची वाट पाहावी लागली, की खेळ अडखळतो. म्हणून दोन कोअर यजमानाकडे राखून सहा खेळास नेमून द्यावेत आणि खेळ चालू असेपर्यंत यजमानाने त्यांवर आपली कामे टाकू नयेत. एका कोअरवर दोन धागे चालत असतील, तर ती जोडी फोडू नये. कारण दोघांची साधने सामाईक असतात. अशा वाटणीने खेळ सुरळीत चालतो आणि त्याच वेळी छायाचित्रांची दुसरी प्रतही बिनधोक तयार होते.