हलकी चौकट आणि आयता साचा

आमच्या संघटनेने सभासदांच्या जादा कामाचे तास नोंदविण्यासाठी एक छोटे संकेतस्थळ काढावयाचे ठरविले, तेव्हा सभेत एका बाईंनी उठून विचारले, "भाऊ, ही नावांची यादी मालकाच्या हाती नाही ना लागणार?" प्रश्न साधा, पण त्याचे खरे उत्तर देता यावे म्हणून आम्हाला बरेच दिवस डोके घालावे लागले. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी आम्ही शिकलो ते यंत्रांबरोबर येणाऱ्या पुस्तिकांवरून. तेव्हा आम्हाला जे उमगले ते आमच्यासारख्यांनाही उमगण्यास हरकत नाही.

कोणी मोबाईलवरून एखादे पान मागतो, तेव्हा ती मागणी दूरच्या एका संगणकाकडे जाते. कोणत्या पत्त्यावर आलेली मागणी कोणत्या कामाकडे सोपवावयाची आणि उत्तर कोणत्या नमुन्यात भरून परत धाडावयाचे, ही उठाठेव सर्वच संकेतस्थळांना सारखी. ती एकदाच लिहून सर्वांसाठी ठेवलेली असते; तिला फ्रेमवर्क, म्हणजे चौकट म्हणतात. पायथॉन या संगणक-भाषेत जँगो नावाची भरभक्कम चौकट आहे. सभासदांचा प्रवेश, माहितीचे कोठार, व्यवस्थापकाची पाने, सारे तिच्यात आधीच बसविलेले. फ्लास्क ही त्याच भाषेतली दुसरी चौकट, आणि ती हलकी.

फ्लास्कच्या जन्माची हकीकत मौजेची आहे. आर्मिन रोनाखर या ऑस्ट्रियन तरुणाने २०१० साली एक एप्रिलची थट्टा म्हणून एकाच फाईलमध्ये मावणारी चौकट प्रसिद्ध केली. लोकांनी ती खरी मानली. मग त्याच वर्षी त्याने खरोखरीची चौकट केली. 'बॉटल' नावाची एक चौकट आधीच होती, म्हणून हिचे नाव फ्लास्क, म्हणजे चंबू. तिच्या पोटात त्याच मंडळींचे 'वेर्कत्सॉइग' आहे. या जर्मन शब्दाचा अर्थ हत्यार; फिटर ज्या अर्थाने हत्यार म्हणतो, तोच.

फ्लास्कमध्ये सात-आठ ओळींत एक पान उभे राहते. पण कोठार कोणते, प्रवेश कसा द्यावयाचा, याविषयी ती काहीच सांगत नाही. ते तुम्ही ठरवा, म्हणते. नवशिक्याला हे स्वातंत्र्य जड जाते, आणि येथेच आयता साचा पुढे येतो. कोणी अनुभवी माणूस सारी मांडणी करून ठेवतो: पानांचे नमुने एका कप्प्यात, चित्रे आणि रंगरूप दुसऱ्यात, लागणाऱ्या सामानाची यादी एका फाईलमध्ये, चाचण्या वेगळ्या. 'कुकीकटर' नावाचे २०१३ सालचे एक साधन तर प्रकल्पाचे नाव, लेखकाचे नाव असे चार प्रश्न विचारते आणि उत्तरे जागच्या जागी भरून सगळी घडी तयार करून देते. असे बहुतेक साचे फुकट मिळतात. कर्त्याचे नाव व परवान्याचा मजकूर राखावयाचा, एवढीच अट. आणि कसलीही हमी नाही, हेही तेथेच लिहिलेले असते. ते वाक्य कोणी वाचत नाही.

चौकट जितकी हलकी, तितके अधिक निर्णय साचा करणाऱ्याने घेतलेले असतात, हे आम्हाला उशिरा कळले. वास्तविक लवकर कळावयास हवे होते. १९९६ साली आम्ही संघटना नोंदवावयास निघालो, तेव्हा १९२६ च्या कायद्याप्रमाणे सात सभासदांच्या सह्या व नियमावली द्यावी लागे. आम्ही दुसऱ्या एका संघटनेची नियमावली उतरवून काढली. नाव सगळीकडे बदलले, पण निधीच्या कलमात त्यांचेच नाव राहिले! वर्गणी आमच्या कामगारांची आणि कागदोपत्री निधी त्यांचा. दोष सर्वस्वी आमचा होता.

संकेतस्थळाचे काम आमच्या एका सभासदाच्या मुलाने अंगावर घेतले. त्याने साचा उतरवला आणि दोन दिवसांत पाने दिसू लागली. आम्ही त्याला नियमावलीची गोष्ट सांगितली व म्हटले, "बाबा, दुसऱ्याचे काय काय राहिले आहे ते पाहू." पहिलीच सापडली ती गुप्त किल्ली. प्रवेश केलेल्या माणसाच्या ब्राउझरमध्ये फ्लास्क एक चिठ्ठी ठेवते आणि तीवर या किल्लीने शिक्का मारते. चिठ्ठी झाकलेली नसते, फक्त शिक्क्याची असते. किल्ली ज्याला ठाऊक, तो हवी ती चिठ्ठी लिहून तीवर खरा शिक्का उमटवू शकतो. 'मी चिटणीस' असे लिहिले की तो चिटणीस. फ्लास्कच्या स्वतःच्या धड्यात सरावापुरती 'डेव्ह' ही किल्ली दिली आहे आणि खऱ्या कामाला ती बदला असे बजावलेही आहे. आमच्या साच्यात 'चेंज मी' होती. ती तशीच राहती, तर साचा वाचलेल्या कोणालाही आमची यादी मोकळी होती. पायथॉनच्याच 'सीक्रेट्स' या भागाकडून त्याने नवी लांबलचक किल्ली काढून घेतली आणि ती फाईलमध्ये न लिहिता संगणकाच्या वातावरणात ठेवली. जुन्या प्रतींचा इतिहास जपणाऱ्या गिटमध्ये एकदा किल्ली गेली की मागाहून खोडून उपयोग नाही, हेही त्यानेच आम्हाला सांगितले. अशा वेळी किल्लीच बदलावी लागते.

दुसरे, डीबग. काम चालू असताना चूक सापडावी म्हणून वेर्कत्सॉइग चुकीच्या पानावरच हुकूम चालवू देते. कारागिराला हे सोयीचे. रस्त्यावरच्या माणसासाठी मात्र गोदामाचे दार उघडे. कलावंतांना रसिकांकडून वर्गणी मिळवून देणाऱ्या अमेरिकेतील पॅट्रिऑन कंपनीची माहिती २०१५ साली चोरीला गेली, तेव्हा संकेतस्थळाची डीबगची प्रत लोकांना उघडी राहिली होती असे कंपनीनेच सांगितले. ती वेर्कत्सॉइगचीच सोय होती, हे एका स्वीडिश सुरक्षा-कंपनीने दाखवून दिले. कित्येक साच्यांच्या शेवटच्या ओळीत डीबग चालूच असते. जुन्या साच्यांत 'फ्लास्क एन्व्ह' नावाची एक खूणही आढळते. २०२३ च्या २.३ आवृत्तीत ती काढून टाकली आहे, म्हणजे ती लिहून निर्धास्त झालेला माणूस फुकटच निर्धास्त होतो.

तिसरी गोष्ट संगणकाची नव्हती. साच्याच्या नोंदणी-पानावर पूर्ण नाव आणि ई-मेल मागितला होता. का? साचा करणाऱ्याला तसे वाटले म्हणून. आम्हाला तासांच्या हिशेबासाठी नावाची गरजच नव्हती. दोन्ही रकाने काढून वर्गणीच्या पावतीचा क्रमांक ठेवला; कोणत्या क्रमांकाचा कोण, ती वही कचेरीच्या लोखंडी कपाटात आहे. पुढील सभेत आम्ही त्या बाईंना सांगितले की संकेतस्थळावर नावांची यादीच नाही. त्यांनी विचारले, "आणि कपाटाची किल्ली?" ती खजिनदारांकडे असते.