ढगांपलीकडे जाण्याची मंजुरी

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मे-जूनमध्ये सकाळी समुद्रावरून ढगांचा सलग थर येतो. माँटेरेच्या विमानतळावर सारे झाकोळलेले असते. बहुधा दोनेक हजार फुटांवर मात्र लख्ख ऊन असते. छोट्या विमानाच्या वैमानिकास हा थर भेदावयाचा असल्यास केवळ उपकरणे पाहून विमान चालविण्याची पात्रता हवी, आणि हवाई वाहतूक नियंत्रकाची मंजुरीही हवी.

नियंत्रक मर्यादा, मार्ग, उंची, रेडिओची फ्रिक्वेन्सी व ओळख-क्रमांक सांगतो. वैमानिक ते टिपून परत म्हणून दाखवितो. नेमलेल्या उंचीपर्यंत ढग सरले नाहीत, तर तीच उंची राखून कळवावयाचे. कर्जाच्या मंजुरीपत्रातही मर्यादा असते. पण येथे ती ओलांडणाऱ्यास मुदतवाढ नसते, कारण त्याच ढगातून दुसरे विमान उतरत असू शकते.

पात्रतेचा आग्रहही अनाठायी नाही. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने असे शिक्षण नसलेल्या २० जणांची चाचणी घेतली. बाहेरचे दिसेनासे होताच सरासरी १७८ सेकंदांत विमान त्यांच्या ताब्यातून सुटू लागले. क्षितिज लोपले की कानातील तोलाची जाणीव फसविते. वळणारे विमानही सरळ चालल्यासारखे वाटते. अशा वेळी स्वतःच्या जाणिवेपेक्षा समोरच्या काट्यावर विश्वास ठेवणे शिकावेच लागते.