हप्त्याचे व्याज आणि श्रेढीगणित

समान अंतराने वाढत किंवा घटत जाणाऱ्या संख्यांच्या ओळीस आपल्या प्राचीन गणितात श्रेढी म्हणत. इसवी सनाच्या नवव्या शतकात, राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळी, महावीराचार्यांनी रचलेल्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात श्रेढीचे नियम विस्ताराने आले आहेत. पहिली संख्या ती आदि, दर पदास होणारा फरक तो चय, पदे किती ती संख्या म्हणजे गच्छ. पहिल्या व शेवटच्या पदांची बेरीज निमपट करून गच्छाने गुणली की एकूण बेरीज, म्हणजे सर्वधन, हाती येते. नियम एवढाच, परंतु कर्ज काढणाऱ्या व्यापाऱ्यास तो केवढा उपयोगी आहे पहा.

समजा, एका सभासदाने दुकानासाठी १२,००० रुपये दरमहा शेकडा १ व्याजाने घेतले आणि मुद्दल दरमहा १,००० प्रमाणे बारा हप्त्यांत फेडावयाचे ठरले. पहिल्या महिन्याचे व्याज १२०. दुसऱ्या महिन्यास ११,००० उरले, म्हणून ११०. मग १००, ९०, आणि अखेरीस १०. टोकांची बेरीज १३०, निमपट ६५, बारापट ७८० रुपये.

हाच व्यवहार ‘फ्लॅट’ दराने केला तर? मुद्दल फिटत आले तरी व्याज मूळ बारा हजारांवरच चालू राहते. महिना १२०, वर्षाचे १,४४०. कागदावर दोहींकडे शेकडा १ हाच आकडा, आणि अंतर मात्र ६६० रुपयांचे! ऋणकोच्या हाती वर्षभर सरासरीने ६,५०० रुपयेच होते. त्यांवर १,४४० म्हणजे सालीना शेकडा २२ हून अधिक पडले. दरमहा ११२० चा एकसारखा हप्ता सोयीचा वाटतो, व त्या सोयीपोटी पुष्कळजण हा प्रश्न विचारीतच नाहीत.

मुदतीपूर्वी फेडणाऱ्यांचाही एक समज असतो, की सहा महिन्यांनी कर्ज मिटविले तर निम्मे व्याज वाचेल. वरील पहिल्या व्यवहारात सहा महिन्यांत ५७० रुपये व्याज दिले गेलेले असते. वाचतात ते अवघे २१०. बँकांच्या समान हप्त्यांच्या कर्जात ही उतरण इतकी सरळ नसते, पण व्याजाचा भार आरंभीच अधिक असतो हे तेथेही खरे.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार किरकोळ तसेच सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या नव्या मुदती कर्जांसोबत मुख्य तथ्य पत्रक द्यावे लागते. त्यात सर्व आकार धरून वार्षिक दर व फेडीचा तक्ता असतो. सही करण्यापूर्वी तो दर पहावा. बाजारातील खाजगी देण्याघेण्यात असे पत्रक मिळत नाही. तेथे बेरीज आपणच करावयाची.