आई, मला हे केस नकोत!

मैत्रिणींनो, मे महिन्यात आमच्या बदलापुरात पारा चाळिशी ओलांडतो हे अंबरनाथ-उल्हासनगरच्या बायकांना वेगळे सांगायला नको. अशा उन्हात तेरा वर्षांची मुलगी दिवसभर पायघोळ लेगिंग घालून बसली, तर आईच्या मनात शंका यायला हवी की नाही? माझ्या आली नाही. मला वाटले, असेल काहीतरी फॅशन! खो-खोच्या सरावाला जाणे तिने बंद केले तेव्हाही मी 'अभ्यास वाढला असेल' म्हणून गप्प बसले. आणि मी स्वतः अर्धवेळ शिक्षिका. रोज सकाळी अंबरनाथच्या शाळेत चाळीस मुलींच्या चेहऱ्यांवरून त्यांची मने ओळखण्याचा मला अभिमान!

एका रविवारी न्हाणीघरातून "आई गं" ऐकू आले. जाऊन पाहते तो नडगीवरून रक्ताची धार आणि हातात ह्यांचे दाढीचे रेझर. साबण नाही, पाणी नाही, कोरड्या पायावरच ओढलेले. मी आधी रागावले, हे कबूल करते. त्यावर ती रडत म्हणाली, "तूच म्हणालीस ना हळदीकुंकवाला, पाय अगदी बापाचे घेतलेत म्हणून? सगळ्या हसल्या."

म्हणाले होते खरे. बोलून विसरूनही गेले होते. ती मात्र तेव्हापासून पाय झाकत होती.

म्हणून पहिली गोष्ट सांगते ती साबणा-क्रीमची नाही. मुलीने 'केस काढायचेत' म्हटले की लगेच 'एवढ्यात कशाला गं?' म्हणू नका आणि लगेच पार्लरमध्येही नेऊ नका. आधी विचारा, का काढायचेत? कोणी चिडवत असेल तर त्याचा बंदोबस्त शाळेत करायचा, मुलीच्या कातडीवर नाही. 2024 साली उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीत राज्यात पहिली आलेल्या मुलीचा फोटो छापून आला, तर लोकांनी तिचे गुण बाजूला ठेवून तिच्या ओठावरच्या लवेची टिंगल केली! मी हे सगळे लेकीला सांगितले. "केस सगळ्यांनाच असतात, ठेवलेस तरी काही बिघडत नाही," असेही म्हटले. ती शांतपणे म्हणाली, "कळतंय गं मला. पण मला अर्ध्या चड्डीत खो-खो खेळायचाय." यावर काय बोलणार?

सासूबाईंचा सल्ला ठरलेला. "लहानपणी कणकेच्या गोळ्याने अंग नीट घासलं असतं तर ही वेळ आली नसती." आपल्याकडे प्रत्येक बाळंतिणीच्या घरी हे चालते. पण तान्ह्या बाळाच्या अंगावरची ती लव काही आठवड्यांत आपोआप गळते, गोळा फिरवा की नका फिरवू. आणि वयात येताना जे केस दाट होतात ते आतल्या हार्मोन्समुळे. डाळीचे पीठ-हळद लावून रोज खसाखसा चोळले तर केस मुळापासून जात नाहीत, कातडी मात्र सोलवटते.

दुसरा समज तर आपण सगळ्याच बाळगून आहोत, की ब्लेड लावले की केस राठ आणि दाट येतात. मलाही माझ्या आईने हीच भीती घातली होती. प्रत्यक्षात ब्लेड वरच्यावर केस कापते, मुळाला हातही लावत नाही. केसाचे टोक निमुळते असते, ते कापल्यामुळे बोथट होते आणि बोटाला खरखरीत लागते, इतकेच. 1928 साली मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस मोजून हेच दाखवले होते. शंभर वर्षे होत आली, तरी आपल्या माजघरात ही बातमी पोचली नाही!

केस काढायच्या क्रीममधले रसायन केस विरघळवते, तसे कातडीलाही झोंबू शकते. म्हणून आधी पायावर रुपयाएवढ्या जागी, डबीवर लिहिली तेवढीच मिनिटे लावायचे, धुवायचे आणि चोवीस तास वाट पाहायची. आम्ही तसे केले आणि दुसऱ्या दिवशी तिथे लाल चट्टा! बरे झाले, सगळ्या पायाला फासले नाही. उल्हासनगरच्या बाजारात सगळे स्वस्त मिळते, पण 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद तुम्हीही ऐकला असेल. कपड्यांना ठीक आहे हो. कातडीला लावायची वस्तू मात्र सीलबंद, कंपनीचे नाव आणि मुदतीची तारीख पाहूनच घ्यावी.

वॅक्सिंगने तीन-चार आठवडे पाय छान राहतात. साखर, लिंबाचा रस आणि पाणी आटवून घरीही पाक करता येतो. पण साखरेचा पाक किती चटका देतो हे चकल्या-लाडू करणाऱ्या बाईला सांगायला नको. कोमट झाल्याशिवाय अंगाला लावायचा नाही आणि मुलीला एकटीला तर करूच द्यायचा नाही. शिवाय दुखते. माझ्या ओळखीच्या एक सिंधी भाभी वीस वर्षे हेच काम करतात. त्यांनी लेकीचा एकच पट्टा ओढून दाखवला आणि म्हणाल्या, "दर्द सहन होता है तो आना, नहीं तो बाद में." लेक म्हणाली, "बाद में!"

ब्लीचचे मात्र मी नावच काढू दिले नाही. लग्नाआधी एका पार्लरमध्ये मी ते ओठावर करून घेतले होते. बाई लावून फोनवर बोलत बसली आणि मी हळदीला भाजलेला ओठ घेऊन उभी राहिले. त्यात अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असते. कोवळ्या चेहऱ्यावर ते कशाला? ओठावरचे अगदीच खुपत असेल तर दोरा बरा. लेसरला या वयात घाई नको. हार्मोन्स अजून बदलत असतात, नवे केस येतच राहतात, आणि बऱ्याच बैठकींचा खर्च वाया जातो. पुढे करायचेच झाले तर कातडीच्या डॉक्टरांकडेच करावे, कारण सावळ्या कातडीला चुकीचे यंत्र वापरले तर डाग पडतात.

एका बाबतीत मात्र वेळ लावू नका. हनुवटीवर, छातीवर, पोटावर जाड काळे केस एकाएकी वाढले, जोडीला मुरुमे, वजन, पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षे झाली तरी ती अनियमित, असे असेल तर पार्लर नको, डॉक्टर गाठा.

आमच्या घरी शेवटी रेझरच ठरले. लेकीनेच ठरवले. तिचे वेगळे, बापाचे नाही, कारण रक्तातून कावीळ पसरू शकते. कोमट पाणी, साबणाचा फेस, केसांच्या दिशेने हलका हात, पाते बोथट झाले की नवे. पहिल्यांदा मी शेजारी बसले, दुसऱ्यांदा तिने मला बाहेर काढले. ओठावरची लव तिने तशीच ठेवली. शिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिरात नेले तेव्हा त्या शके 982 मधल्या, म्हणजे 1060 सालच्या देवळावरच्या सुंदऱ्यांकडे पाहत म्हणते कशी, "यांना बरंय, दगडाच्या आहेत."

परवा कल्याणला सामना होता. घाईत ती चपला घालत होती आणि माझी नजर गेली नडगीकडे. सवय जात नाही ना! मी म्हटले, "अगं, पाय?"

"आठवडा झाला. राहू दे," ती दारातूनच म्हणाली. "पावणेआठची लोकल चुकेल."